पाखरं बघायला आणलेली दुर्बीण

आमच्या ह्यांना उतारवयात पाखरांचं वेड लागलंय, असं मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे ह्यांना कावळा आणि कोकीळ यांतला फरकही कधी कळला नाही. सगळी नोकरी मसाटच्या सूत कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेली. पाखरू म्हणजे शेडच्या पत्र्याखाली घरटं करून बॉबिनवर घाण करणारी एक कटकट, इतकीच त्यांची ओळख. पण रिटायर झाल्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी ते वापीच्या बाजारात गेले आणि रेक्झिनच्या काळ्या पेटीत एक जुनी दुर्बीण घेऊन आले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "पाखरं बघायला आणली."

मी नुसतं "बरं" म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं खोटं आवाजावरून ओळखता येतं. शिवाय पाखरं कुठल्या झाडावर बसली आहेत, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं.

आमचं घर सेलवासमध्ये, अथालकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. मागे एक गॅलरी आहे. गॅलरीसमोर पडीक जमीन, त्यात म्हशी, म्हशींच्या पाठीवर बगळे, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे नव्या इमारतींची रांग. त्यातल्या शेवटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात आमची मुलगी राहत होती. एकुलती एक. तिच्या घराची जाळी आमच्या गॅलरीतून नुसत्या डोळ्यांनी दिसायची. जाळीमागे कुणी उभं आहे की नाही, हेही उजेड चांगला असला तर कळायचं. कोण उभं आहे, ते मात्र कळत नसे.

तिनं तिच्या मनानं लग्न केलं होतं. खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत ती लॅबमध्ये होती आणि मुलगा तिथंच माल पाठवण्याच्या खात्यात. आमच्यातला नव्हता, आमच्या भाषेचाही नव्हता. मला हे पचवायला थोडे दिवस लागले असते आणि मग मी पचवलं असतं. मी राजापूरकडची, ते धुळ्याकडचे. आमचंच लग्न ठरलं तेव्हा माझ्या काकांनी आठवडाभर तोंड फिरवलं होतं. पण ह्यांना ते मुलीच्या तोंडून कळलंच नाही. जुन्या कंपनीच्या गेटसमोर चहा पिताना कुणीतरी विचारलं, "पोरीचं लग्न उरकलं म्हणे, पेढे कधी?" माणूस चहाचा कप तसाच ठेवून घरी आला. त्या संध्याकाळी मुलगी जावयाला घेऊन पाया पडायला आली, तेव्हा हे खुर्चीतून उठले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला आणि बातम्या बघत बसले.

मुलगी दारातच उभी राहिली. रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू चोरून भेटायला येऊ नकोस. आलात तर दोघं या. एकटी आलीस तर मी दार उघडणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती बोलली की करते. बाप तश्शी लेक. मी ह्यांना त्या रात्री जेवताना म्हटलं, तर म्हणाले, "तिले घर माहीत आहे. यायचं तर येईल. मी तिच्या दारी जाणार नाही." ह्यांची खानदेशी बोली इतक्या वर्षांत सेलवासच्या हिंदी-गुजरातीत पुष्कळ विरघळली आहे, पण राग आला की ती जशीच्या तशी वर येते.

मग मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करायला लागले. ती उचलायची, बरं आहे म्हणायची, काय केलं जेवायला ते सांगायची. शेवटी एकच प्रश्न असायचा. "बाबा येतायत का?" मी म्हणायची, बघू गं. "मग ठेवते," म्हणायची. अशाच एका फोनवर तिनं नवीन घराचं सांगितलं. खोलीचा भाडेकरार झाला, तुमच्याच मागे, नाल्यापलीकडची शेवटची बिल्डिंग. साऱ्या सेलवासमध्ये खोल्या मिळत असताना पोरीनं बरोबर बापाच्या गॅलरीसमोरची घेतली होती. घरी येऊन मी पोळ्या लाटता लाटता, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, ती बातमी स्वयंपाकघरात सोडून दिली. पुढच्याच रविवारी दुर्बीण आली.

दुर्बीण जुनी होती आणि चांगली वापरलेली होती. आठ पट मोठं दाखवते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. उजवीकडच्या पुढच्या काचेचा टवका उडाला होता. मधलं चाक इतकं घट्ट होतं की फिरवताना ह्यांच्या मनगटाची शीर वर यायची. आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं की सगळं थोडं वरखाली दोनदा दिसायचं, जाळीवर जाळी, गजावर गज. कधीतरी पडली असणार, आतलं भिंग सरकलं असणार. हे उजवा डोळा मिटून एकाच नळीतून बघायचे. मी चिडवायची, "एक डोळा मिटून बघायला दुर्बीण कशाला हवी? पुठ्ठ्याची नळी केली असती." ते हसायचे. मुलगी गेल्यापासून त्या घरात हसणं महाग झालं होतं, म्हणून मी दुर्बिणीवरून त्यांना फार चिडवलं.

पण डावी नळी चांगली होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी ऊन कलल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. चहा झाला. बराच वेळ दुर्बीण म्हशींवर आणि बगळ्यांवर फिरवली, माझ्यासाठीच फिरवली बहुतेक, आणि मग ती हळूहळू वर गेली आणि थांबली. मी दारामागे तांदूळ निवडत होते. खूप वेळानं, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "दोघं आहेत."

एवढंच. पण त्या दोन शब्दांवर आमचं घर पुन्हा चालू लागलं. रोज संध्याकाळी तेवढी बातमी यायची. कधी "दोघं आहेत, चहा पिऊन राहिले." कधी "आज ती एकटीच आहे, तो सेकंड शिफ्टला असंल." एकदा त्यांनी मलाही दिली. माझा चष्मा काढून, चाक फिरवून, डावी नळी डोळ्याला लावून मी बघितलं, तर माझी मुलगी जाळीशी उभी राहून केस झटकत होती. केस झटकताना मान तिरकी करायची तिची लहानपणापासूनची पद्धत. मागे जावई चटई झटकत होता. मी इतकी रडले की काच ओली झाली आणि ह्यांनी ती ओढून घेतली. "नीट धर, खराब होईल," म्हणाले.

उन्हाळा असा गेला. मी अधूनमधून म्हणायची, आता जाऊ या ना. हे म्हणायचे, "बरं चाललं आहे ना त्यांचं? मग?" जणू दुर्बिणीतून बघणं म्हणजे जाऊन येणंच.

मग पाऊस लागला. आमच्याकडे लागला की मुक्कामालाच येतो. भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांना बुरशी येते, लोणच्याच्या बरणीकडे तर बघायला नको. दुर्बीण तर रेक्झिनच्या बंद पेटीत, कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. सांभाळायच्या नादात ह्यांनी तिला ओलाव्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं होतं. आधी काचेवर धुकं धरल्यासारखं झालं. ह्यांनी रुमालानं पुसलं, बनियननं पुसलं, माझ्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यानं पुसलं. धुकं बाहेर नव्हतंच, आत होतं. मग इलाज सुरू झाले. तीन दिवस दुर्बीण तांदळाच्या डब्यात होती, कारण भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मग टेबलाच्या दिव्याखाली. मग बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जुन्या कंपनीतून मागून आणल्या आणि पेटीत भरल्या. धुकं थोडं हटायचं आणि परत यायचं. बघायला गेलं तर दुधाच्या पाण्यातून बघावं तसं दिसायचं. रंग गेले, कडा गेल्या, नुसते आकार राहिले.

तरी बातमी थांबली नाही. "दोघं आहेत." पावसाची सर थांबली की हे गॅलरीत, आणि "दोघं आहेत." मीही एकदोनदा बघितलं. जाळीमागच्या सावलीत एक उंच, फिकट निळसर आकार आणि त्याच्या शेजारी एक बुटका, तांबूस. वारा आला की दोघं जरा हलायचे. मला तर वाटलं, बोलताहेत.

याच दिवसांत फोन बंद पडला. आधी ती उचलेना, मग तो नंबर बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायला लागली. मी घाबरले. श्रावणात मी ह्यांना दोनदा म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, काहीतरी झालं असेल. ते म्हणाले, "नंबर बदलला असंल. रागानं बदलला असंल. अगं कालच तर दोघं उभे होते." मलाही ते पटलं. डोळ्यांनी बघितलेल्यावर कोण शंका घेतं? गणपतीत मी उकडीचे मोदक केले आणि तिच्या नावानं ताटात एक जास्त ठेवला. हे गॅलरीतून आत आले, मोदकाकडे बघितलं आणि म्हणाले, "दोघं आहेत. सणाला घरीच आहेत." मग माझा घास उतरला.

दुर्बीण दुरुस्त करून घेऊ, असं मी म्हणत होते. ह्यांना ते नको होतं. "कशाला? दिसी राहिलं ना." खरी गोष्ट अशी की दुकानात द्यायची म्हणजे काही दिवस बातमीशिवाय काढायचे, आणि तेवढा धीर त्यांच्यात नव्हता. पण मला आकारांचा कंटाळा आला होता. मला तोंड बघायचं होतं. ती बारीक झाली आहे का, कानात ते चांदीचे डूल आहेत का, एवढं तरी. दसऱ्यानंतर हे भावाच्या वर्षश्राद्धाला गावी गेले, तशी मी शनिवारची शाळा सुटल्यावर पेटी पर्समध्ये घालून वापीची बस धरली.

कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा वापी स्टेशनच्या पूर्वेला गल्लीत बसतो, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. त्यानं दुर्बीण उलटी धरली, एका बाजूनं टॉर्च मारला आणि मला दुसऱ्या बाजूनं बघायला सांगितलं. "बेन, आमां तो फूग लागी गई छे." बघितलं तर आत बुरशीचे पांढरे तंतू, काचेच्या कडेपासून मधोमध आलेले, अगदी जिवंत. डाव्या नळीत जास्त. म्हणजे आम्ही ज्या नळीतून बघत होतो तीच जास्त सडली होती. त्यानं मला समजावलं की तंतू पुसता येतील, पण बुरशी काचेवरचा लेप खाते, ते डाग राहणार. उजवीकडचं सरकलेलं भिंगही जागेवर बसवतो म्हणाला. आणि विचारलं, हिच्यातून बघत काय होता तुम्ही? मी म्हटलं, पाखरं. तो म्हणाला, या अशा काचेतून तुम्हाला पाखरू आणि पान सारखंच दिसत असणार. मी दुर्बीण त्याच्याकडे ठेवून परतले.

मधल्या दिवसांत मला गॅलरीत जावंसंही वाटलं नाही. दुर्बीण आणली त्या दिवशी घरी पोचेपर्यंत चार वाजले असतील. मी चहासुद्धा केला नाही. तशीच, बाहेरच्या साडीत, गॅलरीत गेले. चाक आता लोण्यासारखं फिरत होतं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर एकच जाळी, एकच गज, गजावरचा गंजसुद्धा. मी जाळीच्या आत बघितलं.

दोघं होते. तो निळसर आकार म्हणजे हँगरला अडकवलेला एक शर्ट होता. कंपनीचा युनिफॉर्मचा शर्ट, खिशावर शिलाई उसवलेली. शेजारचा तांबूस आकार म्हणजे दुसऱ्या हँगरवर घातलेली तिची मॅक्सी. मी शिवून दिलेली होती ती, गळ्याला पांढरी पट्टी असलेली. मॅक्सी एका बाजूनं उन्हानं विटून पांढरी पडली होती आणि दुसऱ्या बाजूनं अजून तांबडी होती.

शर्टाचा अर्थ मला तेव्हाच कळला, कारण ती गोष्ट तिला मीच सांगितली होती. मी नोकरीला लागून पहिल्यांदा इथं आले, तेव्हा एकटी खोली घेऊन राहत होते. आसपास सगळी कारखान्यांतली एकटी पुरुषमाणसं. घरमालकिणीनं मला सांगितलं, एक पुरुषाचा शर्ट रोज दोरीवर दिसू दे. मी माझ्या भावाचा शर्ट आणला आणि वर्षभर तो धुऊन, न धुता, वाळत घालत राहिले. मुलगी वलसाडला कॉलेजला निघाली तेव्हा हसत हसत मी तिला हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती, आई, तू पण ना. म्हणजे माझी मुलगी तिथं एकटी होती. नवरा घरात असलेली बाई हँगरला शर्ट असा दर्शनी लावत नाही.

हे मला कळलं आणि तरी मी मॅक्सीकडे बघत राहिले. मॅक्सी का? बाईचा कपडा का दाखवायला लावायचा, बाई घरात असताना?

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. वारा इतका की आमच्या गॅलरीतल्या कुंड्या आडव्या झाल्या. मी भिजत उभी राहिले, पदरानं काच झाकत. नाल्यापलीकडच्या सगळ्या गॅलऱ्यांत बायका धावत आल्या आणि कपडे ओढून आत घेऊन गेल्या. त्या कोपऱ्यातल्या जाळीत कुणीही आलं नाही. शर्ट भिजला, मॅक्सी भिजली, दोन्ही जड होऊन लोंबले. संध्याकाळी पाऊस थांबला, दिवे लागले, आणि त्या घरात दिवा लागला नाही. इतके महिने दिवे लागायच्या वेळेला आम्ही दुर्बीण पेटीत घालून आत जात होतो. दिवा लागतो की नाही, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

हे गावाहून परत आले ते दोन दिवसांनी. दोन दिवस मी काय केलं, मला सांगता येणार नाही. शाळेत गेले, मुलांना बेरजा घातल्या. एकटी तिकडे जाऊन बघावं असं शंभरदा वाटलं आणि शंभरदा तिचं ते वाक्य आठवलं. मूर्ख बाई मी, रिकाम्या घराची अट पाळत बसले होते.

ह्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि सवयीनं पेटी काढली. उघडल्याबरोबर त्यांना कळलं. काच चकाकत होती. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वापीला नेली होती. साफ करून आणली." ते गॅलरीत जाऊन बसले. दुर्बीण या वेळी म्हशींवर फिरली नाही.

ते किती वेळ बघत होते, मला माहीत नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. आधी त्यांनी चाक थोडं इकडे फिरवलं, थोडं तिकडे. मग दुर्बीण खाली घेतली, सदऱ्यानं डोळे पुसले, पुन्हा लावली. खांदे खाली आले. मला वाटलं आता वळतील, ओरडतील. वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम शांत होता. त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "दोघं आहेत. हे बघ."

मी घेतली आणि डोळ्याला लावली. काही दिसेना. सगळं धूसर. एक निळसर आकार, एक तांबूस. माझ्या हातात द्यायच्या आधी त्यांनी चाक फिरवून ठेवलं होतं.

इतकी वर्षं या माणसाशी भांडले, पण इतका जीव माझा त्यांच्यावर कधी तुटला नव्हता. आणि इतका रागही कधी आला नव्हता. मी दुर्बीण खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, "मी बघितलंय. चला आता."

ते उठले. चपला घातल्या. मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं तिकडे निघालो. रस्त्यानं गेलं तर लांब पडतं, म्हणून पडीक जमिनीतून चिखल तुडवत, म्हशींना वळसा घालून, नाल्यावरच्या पाइपावरून गेलो. ह्यांनी माझा हात धरला होता. पाइपावरून उतरल्यावरही सोडला नाही. तिच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. हे त्या कुलपाला हात लावून उभे राहिले.

शेजारचं दार उघडलं. एक तरुण बाई, कमरेवर मूल. आम्हाला बघून तिनं विचारायच्या आधीच ओळखलं असावं, कारण तिनं डोक्यावर पदर घेतला. ह्यांच्याच मुलखातली निघाली, नंदुरबारकडची. "ती तं जायेल शे, काका," ती म्हणाली, आणि मला कळलं नाहीसं वाटून पुन्हा म्हणाली, "गेली ती, काकू. गणपतीच्या आधीच गेली."

मग दारातच उभं राहून तिनं सांगितलं. पाऊस सुरू झाला तेव्हा जावयाचं काम सुटलं. तो दुसरीकडे काम बघायला म्हणून गेला. आधी फोन यायचे, मग येईनात. ती दीडेक महिना एकटी होती, कंपनीत जायची, यायची, शर्ट वाळत घालायची. मग तीही निघाली. कुठे ते सांगितलं नाही, काम बघते म्हणाली. किल्ली शेजारणीकडे देऊन गेली, राहिलेलं सामान नंतर नेईन म्हणून. घर बंद दिसू नये म्हणून शर्टाशेजारी मॅक्सी जाताना तिनंच लावून ठेवली. तिचा जो नंबर शेजारणीकडे होता तो मी वाचून बघितला. तोच, बंद असलेला.

"रडायची का गं ती?" मी विचारलं.

शेजारणीनं आधी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "सांग बेटा."

"मी तिला बोलायची, काका. म्हटलं आईबाप समोर राहतात आणि तू एकटी काय मरते, जा ना. तर ती म्हणायची, बाबांना सगळं माहीत आहे. रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन बसतात, मला इथून दिसतात. नवरा गेलेला त्यांनी बघितला, मी एकटी आहे ते बघतात, हा शर्ट कशाला लावला तेही आईला कळलं असेल. तरी आले नाहीत. म्हणायची, यायचं असतं तर आले असते."

कमरेवरचं मूल माझ्या बांगड्यांशी खेळायला लागलं होतं. शेजारणीनं किल्ली आणून कुलूप काढलं. खोली जवळजवळ रिकामी होती. हे सरळ जाळीपाशी गेले, त्या दोन कपड्यांच्या मधे उभे राहिले आणि बाहेर बघितलं. मीही मागे गेले. उन्हं आमच्या गॅलरीवर पडली होती. नुसत्या डोळ्यांनी सगळं स्वच्छ दिसत होतं, कुंड्या, दोरी, खुर्ची.

ह्यांचा हात जाळीवर होता. शेजारीण दारात उभी होती. तिच्याकडे न वळता ते म्हणाले, "ती सामान न्यायला आली, तर तिले एवढं सांगशील का बेटा? सांग, दुर्बीण खराब होती."